लेबर ५६, पण कथा तिथे संपत नाही

१९९९च्या पहिल्या स्कॉटिश संसदेबद्दलचा लेख आवडला. पण १२९पैकी ५६ जागा घेऊन लेबर पक्ष पहिला आला आणि बहुमत हुकलं, एवढं सांगून लेख पुढे सरकतो. ते हुकलं कसं, हे सांगायला हवं होतं.

मतदाराला दोन मतं होती. एक मतदारसंघातल्या उमेदवाराला, आपल्या विधानसभेसारखंच. ७३ जागा अशा. दुसरं मत पक्षाच्या यादीला. आठ विभाग, प्रत्येकी सात, म्हणजे ५६ जागा. मतदारसंघांत लेबरने ३९ टक्के मतांवर ७३पैकी ५३ जागा उचलल्या! यादीतून त्यांना फक्त तीन मिळाल्या, कारण थेट जिंकलेल्या जागा त्या हिशेबात धरल्या जातात; ज्याने थेट जास्त जिंकल्या, त्याला यादीतून कमी. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यवादी एसएनपी पक्षाचं नेमकं उलट: सात थेट, २८ यादीतून. कॉन्झर्वेटिव्हांना तर एकही मतदारसंघ जिंकता आला नाही, तरी साधारण १५ टक्के मतांवर १८ आमदार आले. मला हे मनापासून न्याय्य वाटतं. पक्ष आवडो न आवडो, त्याला मत देणाऱ्या लाखो माणसांचा आवाज सभागृहात हवाच.

ग्रीन पक्षाचे रॉबिन हार्पर यादीच्याच वाटेने आले. डेनिस कॅनव्हन यांना मात्र लेबरने उमेदवारीच नाकारली होती. ते फॉल्कर्क वेस्टमधून अपक्ष उभे राहिले आणि दणदणीत जिंकले. आणि १२९पैकी ४८ स्त्रिया होत्या, याचा लेखात उल्लेखही नाही!

१७ जागांच्या लिबरल डेमोक्रॅट्सना सोबत घेऊनच लेबरचे नेते डोनाल्ड ड्यूअर यांना सरकार बनवावं लागलं.