लायनफिश: ‘दिसेल तिथे मारा’ म्हणण्याआधी

तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या लायनफिशचा फोटो आणि खाली हा मजकूर सध्या फिरतोय: ‘समुद्रातला सर्वांत घातक मासा. पराला हात लागला तरी मिनिटांत मृत्यू. मांसही विषारी. १९९२च्या अँड्र्यू वादळात फ्लोरिडातलं मत्स्यालय फुटलं, सहा मासे सुटले आणि त्यांनी अटलांटिक फस्त केला. याला शत्रू नाही. दिसेल तिथे मारा.’ यातली एकच गोष्ट अर्धीमुर्धी खरी आहे. ती शेवटी घेऊ.

आधी मृत्यूचं. फोटोत अंगावर येणारे ते छातीजवळचे पंख्यासारखे पर निर्विष असतात. विष असतं काट्यांत: पाठीवर साधारण १३, पोटाखाली २, शेपटीच्या अलीकडे खालच्या बाजूला ३. प्रत्येक काट्याला लांबट खोबणी, त्यात विषग्रंथी आणि वरून कातडीचं पातळ आवरण. काटा रुतला की आवरण मागे सरकतं, ग्रंथी चिरडते आणि विष खोबणीतून जखमेत उतरतं. मासा विष फेकत नाही, टोचून घेणारा आपणच. वेदना भयंकर होतात, सूज येते, कधी मळमळतं. मृत्यू मात्र अत्यंत विरळ. हे विष प्रथिनांचं असल्यामुळे उष्णतेने निकामी होतं. म्हणून प्रथमोपचार म्हणजे सोसवेल इतक्या, सुमारे ४५ अंशांच्या गरम पाण्यात तो भाग बुडवणं आणि मग डॉक्टर गाठणं.

मांसात हे विष नसतंच. कॅरिबियनमध्ये काटे छाटून हा मासा सर्रास खातात.

वादळाची कथा रंगतदार आहे, पण फ्लोरिडाच्या डेनिया बीचजवळ लायनफिश १९८५ सालीच पकडला गेला होता. वादळाच्या सात वर्षं आधी! हौशी मत्स्यपालकांनी समुद्रात सोडलेले मासे, हेच कारण जास्त पटतं.

शत्रू नाही म्हणावं, तर बहामात ग्रूपर माशांच्या पोटात लायनफिश सापडले आहेत.

आता ती अर्धी खरी गोष्ट. अटलांटिकमध्ये याने नासधूस केली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. बहामातल्या प्रयोगात पाण्याखालच्या प्रवाळाच्या छोट्या पुंजक्यांवर एकेक लायनफिश सोडला, तर पाच आठवड्यांत तिथे नव्याने वसणारी माशांची पिल्लं ७९ टक्क्यांनी घटली. शिकारीची तऱ्हाही अजब: पर पसरून पिल्लाला कोपऱ्यात घ्यायचं, कधी तोंडाने पाण्याचा झोत मारायचा, ते झोताकडे तोंड करून वळलं की गिळायचं.

पण हिंदी महासागर आणि पश्चिम प्रशांत महासागर हे याचं मूळ घर. तिथल्या प्रवाळात तो शिकारी म्हणून शोभतो, तिथे त्याला मारत सुटायचं कशासाठी? आणि अटलांटिकमध्येही भाले घेऊन त्याचा निःपात होणं अवघड. मादी वर्षाला सुमारे २० लाख अंडी घालते आणि मासा ३०० मीटर खोलवरही राहतो, जिथे भालेवाला पाणबुड्या पोहोचत नाही. म्हणून तिथे निवडक प्रवाळांवर पुन्हा पुन्हा मासे काढून संख्या आटोक्यात ठेवतात, इतकंच.