चार कोटी ओळी आणि इतवारीतली एक ओळ

भाच्याचा मेसेज रात्री साडेअकराला आला. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, राहतो त्रिमूर्तीनगरात. वर एक फॉरवर्ड आणि खाली प्रश्न: ‘मामा, हे खरं होय काय? मग मी कशाला टाइम घालवू?’ तोच फॉरवर्ड आठवडाभरात आणखी तीन ग्रुपांवर दिसला, म्हणून उत्तर इथंच देतो.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: ऑपरेटिंग सिस्टिमचा ‘ओपन सोर्स’, म्हणजे सगळ्यांना खुला कोड, फक्त नावापुरता. लिनक्सचा कोड ४ कोटी ओळींचा, त्याला ना शेंडा ना बुडखा. बिल्ड करायला, म्हणजे त्या कोडमधून चालणारी फाइल तयार करायला, ६४ जीबी रॅम आणि ४०० जीबी जागा लागते. साध्या लॅपटॉपवर दोन दिवस जातात. आणि इतकं करून तयार झालेली फाइल कंपनीच्या फाइलशी जुळत नाही, म्हणजे दाखवायचा कोड वेगळा आणि आत भरलेला वेगळा.

आधी ते ४ कोटी. आकडा खोटा नाही. १९९१ साली लायनस टॉरव्हाल्ड्सनं काढलेली लिनक्सची ०.०१ आवृत्ती दहाएक हजार ओळींची होती; २०२५च्या सुरुवातीला मोजणी ४ कोटींच्या पार गेली. पण ही मोजणी टिपा, रिकाम्या ओळी, कागदपत्रं सगळं धरून आहे. निम्म्याहून जास्त भाग एकट्या ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरात (एकेक हार्डवेअर चालवणारा कोड) आहे. त्यातही एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधल्या लाखो ओळी म्हणजे चिपमधल्या रजिस्टरांच्या (छोट्या कप्प्यांच्या) याद्या, यंत्रानंच काढून दिलेल्या. त्या कोणी बसून वाचत नाही.

आपल्याकडे नागपूरच्या इतवारीत सराफा ओळ आहे, भांडे ओळ आहे, लोहा ओळ आहे; ओळ म्हणजे एकाच मालाच्या दुकानांची गल्ली. पातेलं घ्यायला गेलेला माणूस सराफा ओळ पालथी घालत नाही. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ओळीही तशाच लागलेल्या आहेत. ‘एमएम’मध्ये मेमरीचा कारभार, ‘एफएस’मध्ये फाइलसिस्टिम, ‘नेट’मध्ये नेटवर्क, कोणता प्रोग्राम कधी चालेल ते ठरवणारा शेड्युलर बसतो तो ‘कर्नल’ याच नावाच्या पोटफोल्डरात. ‘आर्च’मध्ये प्रत्येक प्रोसेसर-घराण्याचं वेगळं दुकान. आपल्या बहुतेक लॅपटॉपना त्यातलं एक्स८६ पुरतं, बाकीची शटरं खाली असली तरी अडत नाही. सुरुवात कुठून, तर ‘इनिट’मधल्या ‘मेन डॉट सी’ फाइलीत ‘स्टार्ट कर्नल’ नावाचं फंक्शन आहे, तिथून. शेंड्याचं माहीत नाही, बुडखा मात्र आहे. कोणता भाग कोण सांभाळतं हेसुद्धा ‘मेंटेनर्स’ नावाच्या एका फाइलीत लिहून ठेवलेलं असतं.

यातली खरी गंमत फोल्डरांपेक्षा त्यांच्यातल्या दोन छोट्या फाइलींत आहे. एक केकॉन्फिग, दुसरी मेकफाइल. पहिली विचारते, ही सोय हवी का? दुसरी सांगते, हवी असेल तर कोणती फाइल कंपाइल करायची (यंत्राच्या भाषेत आणायची). उत्तरं बहुधा तीन: हो, नाही, किंवा मॉड्यूल (लागेल तेव्हा जोडायचा तुकडा) म्हणून वेगळं ठेवा. ‘नाही’ म्हटलं की ती फाइल कंपायलरसमोर येतच नाही. म्हणून एकाच कोडमधून राउटरही निघतो आणि सुपरकॉम्प्युटरही. ४ कोटी ओळी हे गोदाम आहे. तुमच्या पिशवीत काय पडतं ते तुम्ही ठरवता.

६४ जीबी आणि ४०० जीबी हे आकडे कुठून आले ते ओळखायला मला वेळ लागला नाही. ते अँड्रॉइडचे आहेत. अख्खं अँड्रॉइड बिल्ड करायचं तर गूगल हेच आकडे सांगतं, आणि ७२ कोअरच्या मशीनवर ४० मिनिटं, ६ कोअरच्या मशीनवर सहाएक तास असा हिशोबही देतं. लिहिणाऱ्यानं अँड्रॉइडचा बोजा कर्नलच्या डोक्यावर ठेवून दिला. कर्नलच्या कोडचा दाबलेला (कॉम्प्रेस केलेला) संच दीडशे एमबीच्या आसपास असतो. एवढ्याचे तर आपण लग्नाचे व्हिडिओ पाठवतो.

दोन दिवसांचं म्हणाल तर वितरणाची (उबंटूसारख्या तयार लिनक्सची) सगळी मॉड्यूलं घालून, एकाच कोअरवर, झाकण बंद करून लॅपटॉप उशीवर ठेवलात तर लागतीलही. माझा लॅपटॉप जुना आहे, चार कोअर, ८ जीबी. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की त्या क्षणी मशीनमध्ये जी मॉड्यूलं चालू आहेत तेवढीच यादीत राहतात. असा छाटलेला कर्नल माझ्याकडे अर्ध्या तासात तयार होतो. मे महिन्यात जास्त लागतो, कारण पारा ४५वर गेला की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. (लॅपटॉप कूलरसमोर ठेवायचा मोह होतो. ठेवू नका, ती हवा ओली असते.) नंतर एखादी फाइल बदलली तर ‘मेक’ हे बिल्ड चालवणारं टूल तेवढंच पुन्हा करतं. या छाटणीत एक खोच आहे, ती मी स्वतः अनुभवली. यादी काढताना फोन केबलनं जोडलेला नव्हता, त्याचं मॉड्यूल वगळलं गेलं, आणि नव्या कर्नलवर फोनचं इंटरनेट मिळेना. ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल निवडायच्या, मेनूत जुना कर्नल होता म्हणून निभावलं.

खऱ्या अडचणी फॉरवर्डमध्ये आल्याच नाहीत, याचं मला नवल वाटतं. ‘न्यू फोल्डर’मध्ये कोड उघडा, मेक पहिल्याच ओळीत सांगेल की फोल्डरच्या नावात स्पेस चालत नाही. विंडोजच्या ड्राइव्हवर उघडा, तर नेटफिल्टरच्या (नेटवर्कची रहदारी गाळणाऱ्या) भागातल्या फाइलींच्या काही जोड्या एकमेकींवर बसतील, कारण त्यांच्या नावांत फरक फक्त कॅपिटल-स्मॉलचा आहे. एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डांसाठीच्या ‘नूवो’ या खुल्या ड्रायव्हरमध्ये ‘ऑक्स डॉट सी’ नावाची फाइल आहे, आणि ‘ऑक्स’ हे नाव विंडोजनं डॉसच्या काळापासून राखून ठेवलंय. पोरं इथंच अडकतात आणि मग म्हणतात, आपल्या मशीनचा दम नाही.

बरं, लिनक्स म्हणजे नुसता कर्नल. अख्खी सिस्टिम एकाच झाडात पाहायची तर बीएसडी हे खुल्या सिस्टिमांचं दुसरं घराणं पाहा. नेटबीएसडीमध्ये ‘बिल्ड डॉट एसएच’ ही एकच स्क्रिप्ट आधी स्वतःचा कंपायलर तयार करते आणि मग त्यानं बाकी सगळं. हे लिनक्सवर बसून, रूट (मशीनचा सर्वाधिकारी) न होताही जमतं. फ्रीबीएसडीमध्ये क्रम ठरलेला: कर्नल आणि प्रोग्राम दोन्ही बिल्ड करा, आधी नवा कर्नल टाका, रीबूट करा, मग प्रोग्राम टाका. नव्या प्रोग्रामनं मागितलेला सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलनं करून द्यायचं काम, जुन्या कर्नलकडे नसेल तर सगळंच कोलमडेल, म्हणून.

राहिला शेवटचा मुद्दा, फाइल न जुळण्याचा. फॉरवर्डमध्ये विचार करण्यासारखं काही असेल तर हेच. न जुळण्याची कारणं मात्र साधी आहेत. बिल्डची तारीख, युजरचं आणि मशीनचं नाव कर्नलमध्ये लिहिलं जातं. मॉड्यूलांवर सही करायची चावी वेगळी दिली नसेल तर बिल्डच्या वेळीच नवी तयार होते. कंपायलरची आवृत्ती बदलली तरी बाइट बदलतात. तारीख, नावं, चावी, कंपायलर हे सगळं पक्कं बांधून दिलं तर दोन वेगळ्या मशीनवर हुबेहूब तीच फाइल निघू शकते. डेबियन या लिनक्स वितरणाची मंडळी २०१३पासून याच्याच मागे आहेत.

ती शंका घेणं चूक नाही. २०२४ साली एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत चोरदरवाजा निघाला. तो चालू करणारी बिल्ड स्क्रिप्ट गिटमधल्या (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साठ्यातल्या) कोडमध्ये नव्हतीच, फक्त लोकांना वाटलेल्या संचात होती. म्हणजे ‘दाखवायचा वेगळा’ हे तिथं अक्षरशः घडलं. पण ते सापडलं कसं? लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरनं खोदायला घेतलं, आणि संच व गिट दोन्ही समोर असल्यामुळे ताडून पाहता आलं. बंद कोडमध्ये ताडायला दुसरी बाजूच नसते.

भाच्याला मी एवढंच लिहिलं: इतिहासासकट सगळं ओढू नको, डेप्थ १ देऊन क्लोन कर. उबंटूची कॉन्फिग उचललीस तर उबंटू काढणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या सर्टिफिकेटवर अडेल, ‘ट्रस्टेड कीज’ आणि ‘रिव्होकेशन कीज’ दोन्ही रिकाम्या कर. सिक्युअर बूट चालू असेल तर तुझ्या कर्नलवर सही नाही म्हणून तो उठणार नाही. आणि फोन केबलनं जोडून ठेव.

सव्वा वाजता उत्तर आलं (फ्लेक्स हे बिल्डला लागणारं एक टूल): ‘मामा, फ्लेक्स नाही म्हणून राहिलं.’