सेक्रेटरीसाहेब, काचेसारखे व्हा

३० सप्टेंबरच्या आत घ्यायची वार्षिक सभा २९ तारखेला उरकली, दुसऱ्या कोणी हात वर केला नाही, आणि तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी झालात. अभिनंदन. आता तिसऱ्या मजल्यावरचे काका उठून म्हणतील, ‘कारभार पारदर्शक पाहिजे बरं का!’ बिचकू नका. ‘अगदी काचेसारखा ठेवतो, काका,’ असं तिथल्या तिथे सांगा आणि इतिवृत्तात लिहूनही घ्या.

कारण काच दिसत नाही. म्हणून तर मॉलच्या दारावर लोकांची नाकं आपटू नयेत यासाठी मधोमध स्टिकर लावतात. कॉम्प्युटरवाली मंडळी तर हे उघडच बोलतात. त्यांच्याकडे एखादी गोष्ट ‘ट्रान्स्परंट’ आहे म्हणजे ती आतल्या आत चालू असते आणि वापरणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. तुम्हाला याहून वेगळं काय करायचंय?

अपारदर्शक मात्र चुकूनही होऊ नका. अडवणारा पकडला जातो. जर्मन शास्त्रज्ञ रॉन्टगेननं १८९५ साली बायकोच्या हाताचा क्ष-किरणांनी फोटो काढला, त्यात उठून काय दिसलं? हाडं आणि अंगठी. मांसानं किरणांना बऱ्यापैकी वाट दिली, ते नामानिराळं राहिलं. मांसासारखे वागा.

सूचनाफलक काचेचाच करून घ्या, आणि तो जिन्याच्या खिडकीसमोर लावा. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण चार टक्के उजेड परत फिरतो, दोन्ही बाजू मिळून आठ. हे किरकोळ वाटेल, पण आतला दिवा गेलेला असला की तेवढं पुरतं. आमच्याकडे असाच फलक आहे. जमाखर्च वाचायला गेलेला माणूस दोन मिनिटं डोळे बारीक करतो, मग केस सारखे करून निघून जातो.

कोणी माहिती अधिकाराची धमकी दिली तर त्याला चहा पाजा. आपल्या राज्याचा कायदा २००२ चा होता, आता चालतो तो केंद्राचा २००५ चा. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत, सगळं खरं. पण सहकारी संस्था आपोआप त्या कायद्याखाली येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. अडचण आहे ती १९६० च्या सहकार कायद्याची. त्यात सभासदाला हिशेब पाहायचा हक्क आहे, आणि हे कलम पाठ असलेला एक तरी निवृत्त बँकवाला प्रत्येक इमारतीत राहतो.

त्याला नाही म्हणू नका. सगळं द्या. कागदाचे तंतू एकेकटे पाहिले तर जवळपास पारदर्शकच असतात. पण ते असतात असंख्य, मध्ये मध्ये हवा, जागोजागी उजेड विखुरतो, आणि कागद पांढराफटक होऊन पलीकडचं काही दाखवत नाही. तेव्हा टाकीच्या दुरुस्तीचं एक बिल मागितलं तर पाच वर्षांची व्हाउचरं पुढे करा, तारखा न लावता. एकेक व्हाउचर स्वच्छ. मधली हवा तेवढी तुमची.

जुन्या कागदांची मात्र नीट काळजी घ्या. आमच्या आधीच्या सेक्रेटरींनी ते नाक्यावरच्या रद्दीवाल्याला घातले. मागच्या पावसाळ्यात मी कोपऱ्यावरच्या गाडीवर वडापाव घेतला. खाऊन झाला, कागद हातात राहिला. तेल तंतूंमधल्या हवेची जागा घेतं, म्हणून जिथे डाग पडतो तिथे कागद आरपार दिसायला लागतो. गाडीच्या दिव्याखाली सहज धरला, तर या बाजूला आमच्याच टाकीच्या वॉटरप्रूफिंगच्या बिलाची झेरॉक्स, अठ्ठेचाळीस हजार. आणि त्यातून उलटं उमटलेलं त्याच कंत्राटदाराचं कोटेशन, एकोणतीस हजार. पाठकोरे कागद वाया घालवायचे नाहीत ही सेक्रेटरींची काटकसर. त्या घाईत हा पाठकोरा नव्हता एवढंच.

म्हणून सांगतो, रद्दी लांबच्या दुकानात द्या. आणि देण्याआधी आजूबाजूला भज्यांची गाडी नाही ना, ते एकदा संध्याकाळी चक्कर मारून बघून या.