पाटीवर अण्णा, आत मी

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला, हिंजवडीच्या ट्रॅफिकच्या आधी सटकायचं म्हणून मी बॅग खांद्याला लावली होती, तेवढ्यात मॅनेजर आला. "अरे सोपंय, आपल्या सर्व्हरवर जुन्या टीएलएसवरून कोण कोण येतंय तेवढी यादी दे, १.० आणि १.१ बंद करायचंय." टीएलएस म्हणजे फोन किंवा ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं गुप्त ठेवायची पद्धत. कुणी सोपंय म्हटलं की माझ्या पोटात गोळाच येतो.

तरी स्क्रिप्ट लिहिली. हँडशेकचं, म्हणजे दोघांच्या सुरुवातीच्या ओळखीचं पहिलं पॅकेट पकडायचं, व्हर्जनचे दोन बाइट वाचायचे, छापायचे, संपलं. रिपोर्ट आला, जवळजवळ सगळेच १.०! परवाच घेतलेला माझा फोनसुद्धा १.०वाला, म्हणजे १९९९ सालचा.

वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेटं उलगडून दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडून बसलो. तर पाकिटावर लिहिलंय ०३ ०१, म्हणजे १.०. आतल्या क्लायंट हॅलोत, म्हणजे फोनच्या पहिल्या 'नमस्कारा'त ०३ ०३, म्हणजे १.२. आणि खरं १.३ पार मागे, सपोर्टेड व्हर्जन्स नावाच्या एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे शेवटी जोडलेल्या पुरवणीत! एका माणसाची तीन वयं, लग्नाच्या बायोडेटातपण एवढी नसतात.

कारण काय, तर वाटेतल्या काही जुन्या फायरवॉल नवा आकडा दिसला की कनेक्शनच तोडायच्या, म्हणून २०१८ ला १.३ आलं ते पुढे १.२चाच आकडा लावून. हे वाचलं आणि मला आमच्या सदाशिव पेठेतलं दार आठवलं. अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली, पाटी अजून त्यांचीच, कारण "पाटी बदललीस तर पोस्टमन पत्रं परत नेईल हो" हा आईचा सिद्धांत.

बरं, एक्स्टेन्शन वाचायला लागलो तर स्क्रिप्ट म्हणे, व्हर्जन २६.२६! हे क्रोम मुद्दाम टाकतं, अनोळखी आकडा सोडून द्यायची सर्व्हरला सवय राहावी म्हणून. माझी सवय कोण बघतो? शिवाय ती यादी म्हणजे नुसतं 'मला काय काय येतं', ठरतं ते सर्व्हरच्या उत्तरात, आणि तोही वर १.२ लिहून खरं एक्स्टेन्शनमध्येच सांगतो. एक्स्टेन्शन नसेल तरच वरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा.

साडेदहाला यादी तयार झाली. बहुतेक १.३, थोडे १.२, खरोखरचा १.० एकच, आमच्याच ऑफिसच्या दारातलं हजेरीचं मशीन.

त्याच्यावरच अंगठा टेकवून निघालो. पहिल्यांदा घेतला नाही, परत टेकवला.