सीएसआर आपल्या गेटपासून सुरू करा

गेल्या शनिवारी आमच्या बिल्डिंगच्या मालक कंपनीचा कम्युनिटी डे झाला, सीएसआरचा, म्हणजे कंपनीने समाजासाठी करायच्या कामाचा कार्यक्रम. हिरवे टीशर्ट, बॅनर, मुलांना वह्या आणि दप्तरं, रस्त्याकडेला दीडशे रोपं. मी त्याच कंपनीत ॲडमिनला आहे त्यामुळे मांडवापासून पाण्याच्या बाटल्यांपर्यंत सगळं मीच बघत होते. रात्री ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला आणि दोघातिघांनी विचारलं, ताई तुम्ही एकही फोटो टाकला नाहीत, काही झालं का? झालं काही नाही, पण मनात बरंच साठलंय आणि ते ग्रुपवर चार ओळींत मावणार नाही म्हणून इथे लिहितेय. लांब आहे, सवडीने वाचा.

माझं माहेर ठाण्यातलं किसननगर, वागळे इस्टेटला लागूनची वस्ती. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत टर्नर होते, २९ वर्षं. पहिल्या पाळीला असले की भोंग्याच्या आत पोचायचं म्हणून अंधारात निघायचे. खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा असायची, त्या एका दिवशी घरच्यांना आत सोडायचे, आम्ही दोघी बहिणी नवीन फ्रॉक घालून बाबांचं लेथ बघायला जायचो, त्याला झेंडूची माळ आणि हळदकुंकू, आणि बाबा आम्हाला त्यांचं मशीन असं दाखवायचे की जणू घरातलंच कोणी आहे. पुढे कंपनी बंद पडली. आज त्या प्लॉटवर काचेची दहा मजली बिल्डिंग आहे आणि मी त्याच रोडवर चार प्लॉट पुढे नोकरी करते. बाबा कधी माझा डबा द्यायला आले तर गेटवरच थांबतात, मी म्हटलं आत या तर म्हणतात नको गं, पास काढायला लागतो.

वागळे इस्टेट म्हणजे काय हे आता पासपोर्ट ऑफिसला येणाऱ्या माणसाला कळणार नाही. १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली, तिची सुरुवातच इथून. एमआयडीसीची जमीन कंपन्यांना कायमची विकलेली नसते, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते, आणि दिली का तर इथे कारखाने यावेत, आसपासच्या लोकांना काम मिळावं म्हणून. नंतर कारखाने गेले, आयटी पार्क आले, आयटी पार्कला सरकारच्या धोरणात जादा एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाची परवानगी, मिळाली म्हणून एवढ्या उंच बिल्डिंगा उभ्या राहिल्या. मला त्याचं वाईट वाटत नाही, माझं घर त्याच्यावर चालतं, माझ्या मुलाची फी त्यातून जाते. पण जमीन लोकांची, सवलत लोकांची, मग समोरच्या वस्तीशी तुमचं नातं वर्षातून एका शनिवारचं कसं असेल? हे मी भांडायला म्हणून नाही म्हणत, मनापासून विचारतेय.

आमची कंपनी ठाण्यातलीच आहे, फार मोठी नाही, इथे तीन बिल्डिंगा आणि नवी मुंबईत महापेला एक नवीन येतेय. मोठे साहेब स्वतः साईटवर फिरतात, वॉचमनला नावाने हाक मारतात, माणूस चांगलाच आहे. म्हणूनच लिहावंसं वाटलं, जिथे ऐकणारं कोणी नाही तिथे कशाला शब्द खर्च करायचे.

आता सीएसआरचं. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, एप्रिल २०१४ पासून लागू. ज्या कंपनीचं नेटवर्थ ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजासाठी खर्च करायचे, आणि त्यात कंपनी जिथे काम करते त्या स्थानिक भागाला प्राधान्य द्यायचं असं कायद्यातच लिहिलंय. सीएसआरच्या नियमांत अजून एक गोष्ट लिहिलीय जी बऱ्याच जणांना माहीत नसते. दुसऱ्या कुठल्या कायद्याने जे करणं तुम्हाला बंधनकारकच आहे ते सीएसआरमध्ये दाखवता येत नाही. आता हे झाडांना लावून बघा. आपल्याकडे २०२१ च्या दुरुस्तीनंतर शहरात जुनं झाड तोडायचं तर त्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवीन झाडं लावायला लागतात. मी आधी जिथे नोकरीला होते, नाव घेत नाही, तिथे पार्किंगच्या रॅम्पसाठी मोठी झाडं गेली आणि त्याच्या बदल्यात लावायलाच लागणार होती ती रोपं लावताना बॅनरवर लिहिलं होतं समाजासाठी आमची भेट. मी तेव्हा नवीन होते, गप्प बसले. आज तो बॅनर माझ्या हाताखालून जाऊ दिला नसता.

आणि रोपं लावून पुढे काय होतं ते मी जवळून बघितलंय. दोन वर्षांपूर्वी आपणही पावसाळ्यात डिव्हायडरवर आणि नाल्याकडेला करंज, कडुनिंब, बहावा लावले होते. जुलैमध्ये काय हिरवं दिसायचं! मार्चपासून सुकायला लागले. एप्रिलच्या एका दुपारी आमचे माळीकाका मला हाताला धरून बाहेर घेऊन गेले, एका बहाव्याच्या रोपाची साल नखाने खरवडली, आत अजून हिरवं होतं. म्हणाले, मॅडम हा जिवंत आहे अजून, आठ दिवसात पाणी मिळालं तर जगेल. मग मागे बघून म्हणाले, आणि आपलं पाणी बघा कुठे चाललंय.

आपलं पाणी म्हणजे एसटीपीचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मोठ्या बिल्डिंगला सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट बसवायलाच लागतो, ते पाणी फ्लशला आणि बागेला वापरतात. आमच्याकडे ते वापरून रोजचं दहाबारा हजार लिटर उरतं आणि गटारात जातं, प्यायचं नाही पण झाडाला एकदम चांगलं. भिंतीच्या आत पाणी सांडतंय आणि भिंतीच्या बाहेर आम्हीच लावलेली रोपं मरतायत, मधे नऊ इंचाची भिंत. त्या दिवशी मला रडू आलं, खरंच सांगते. मी साहेबांना मेल नाही केला, सरळ केबिनमध्ये गेले आणि म्हटलं सर, पाच मिनिटं खाली येता का. ते आले, काकांनी तीच साल त्यांना दाखवली. पुढे महापालिकेच्या उद्यान विभागाच्या परवानगीला दोन महिने गेले, तोपर्यंत काका आणि सिक्युरिटीतली दोन पोरं बादल्यांनी पाणी घालत होती. मग पाईप गेला, साधा एचडीपीई प्लास्टिकचा पाईप, तीनशे फूट, वर एक टायमर. साठमधली एकेचाळीस झाडं जगली. कम्युनिटी डे च्या कुठल्याही फोटोत तो पाईप नाहीये, पण आमच्या कंपनीने ठाण्यासाठी काय केलं असं मला कोणी विचारलं तर मी त्या माणसाला पाईप दाखवायला नेईन.

फरक कशात आहे सांगते. त्या पाईपचा खर्च आता दर महिन्याला होतो. भाड्याशिवाय टेनंटकडून, म्हणजे बिल्डिंगमध्ये भाड्याने ऑफिस घेतलेल्या कंपन्यांकडून, दर स्क्वेअर फुटाला जो मेंटेनन्स घेतात त्याला आम्ही कॅम म्हणतो, लिफ्ट, लॉबीचा एसी, हाउसकीपिंग, बाग सगळं त्यातून चालतं. बिल्डिंगमधली जी गोष्ट कॅममध्ये लिहिली जाते ती टिकते कारण तिचं बजेट असतं, एएमसी म्हणजे देखभालीचं वार्षिक कंत्राट असतं, बंद पडली तर टेनंट ओरडतो. जी गोष्ट इव्हेंटच्या बजेटमधून होते ती मांडवाबरोबर निघून जाते. टेनंट कुरकुर करतील म्हणाल तर आमच्याकडे एकानेही केली नाही, उलट परदेशी कंपन्या जागा घेतानाच ईएसजीचे, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभाराबद्दलचे, प्रश्न विचारतात, त्यांना दाखवायला हे कामालाच येतं.

आणि बिल्डिंगच लोकांच्या उपयोगाची बांधता येते हे आपल्या पट्ट्यात काही नवीन नाही. वाशी, बेलापूर, सीवूड्स बघा, वर ऑफिसं नाहीतर मॉल आणि खाली लोकल, रोज हजारो माणसं त्यातून जातात, कोणी पास विचारत नाही. ठाण्यात विवियाना मॉलने, नाव आता बदललंय, सेंट झेवियर्स कॉलेजच्या दृष्टिहीनांसाठीच्या केंद्राला बरोबर घेऊन मॉलच अंध माणसाला वापरता येईल असा केला होता. रेमंडने १९६९ साली सिंघानिया शाळा काढली, कारखाना कधीच बंद झाला पण शाळा आजही ठाण्यात नाव राखून आहे. ही टिकणारी कामं.

आता जे सगळ्यात जास्त खुपतं ते. आमच्या हाउसकीपिंगच्या मावश्या डबा जिन्यात बसून खातात. पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधल्या लँडिंगवर, फायरचं दार अर्धवट लोटून, कारण पूर्ण लावलं तर आत हवा नसते. टेनंटच्या पँट्रीत त्यांना बसता येत नाही, त्या टेनंटच्या कर्मचारी नाहीत. आमच्या ऑफिसात बसता येत नाही, त्या आमच्याही नाहीत, कॉन्ट्रॅक्टरच्या आहेत. कॉन्ट्रॅक्टरचं इथे ऑफिसच नाही. म्हणजे दिवसभर ज्या दहा मजले पुसतात त्या बिल्डिंगमध्ये त्यांची अशी एक खुर्ची नाही. बाबांच्या कंपनीत सगळं गोडीगुलाबीचं होतं असं अजिबात नाही, संप झाले, टाळेबंदी झाली, आईने दागिने मोडलेत. पण कँटीनमध्ये बाकावर बसून गरम आमटीभात मिळायचा. एवढ्या वर्षांनी त्याच रोडवर, त्याच किसननगरातली बाई जिन्यात बसून गार भाकरी खाते, याला मी प्रगती कशी म्हणू?

पाळणाघराचंही तसंच. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. टेनंटच्या मुलींना त्यांच्या कंपनीकडून जवळच्या पाळणाघराची सोय असते. आमची एक मावशी चार वर्षांच्या नातीला शेजारणीकडे ठेवून येते आणि दुपारी दोनदा फोन लावते, तोही टॉयलेटमध्ये जाऊन, सुपरवायझर ओरडेल म्हणून.

मागच्या वर्षी मी खूप मागे लागले तेव्हा तळमजल्यावरचा एक रिकामा युनिट मावश्यांना वापरायला मिळाला होता. नऊ महिने. दोन टेबलं, आठ खुर्च्या, डबे गरम करायला मायक्रोवेव्ह. मग तो भाड्याने गेला. गिऱ्हाईक आलं तर कंपनी जागा देणारच, भाड्यावरच तर धंदा आहे, ते मला कळतं. चूक माझी होती, मी रिकामी जागा मागितली. रिकामी जागा कधीतरी भरणारच. मागायला हवी होती ती नकाशातली जागा, डीजी म्हणजे जनरेटरची रूम जशी नकाशात असते, मीटर रूम असते, तशी. ती कोणी भाड्याने द्यायचा विचारही करत नाही.

म्हणून आता महापेच्या बिल्डिंगच्या मागे लागलेय. ड्रॉइंग अजून फायनल नाहीत. परवा साहेबांना म्हटलं की सर, पुढच्या कम्युनिटी डे चा मांडव थोडा छोटा करू, टीशर्ट नको, पण नव्या बिल्डिंगमध्ये स्टाफरूम नकाशात घ्या आणि रस्त्याच्या बाजूला एक टॉयलेट असं ठेवा की रिक्षावाले, डिलिव्हरीची पोरं, बसची वाट बघणाऱ्या बायका गेटपास न काढता वापरू शकतील. टॉयलेटचं ते विचार करतो म्हणाले, सिक्युरिटीचा प्रश्न आहे. स्टाफरूमचं विचारलं, किती माणसांची? मला नेमकं सांगता आलं नाही. मग दोन दिवस मी मोजलं. हाउसकीपिंग, गार्ड, लिफ्टवाले, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, माळी, दोन्ही पाळ्या धरून आमच्या एका बिल्डिंगला ३८ माणसं. ३८ माणसं रोज येतात आणि आमच्या सीएसआरच्या कागदावर त्यातलं एकही नाही.

मंगळवारी आर्किटेक्टबरोबर बसायचंय. काल दुपारी मी जिन्यात मावश्यांच्या शेजारी बसून विचारलं, तुम्हाला खोलीत काय काय हवं? मला वाटलं फॅन, टेबल म्हणतील. पहिली मावशी म्हणाली, दाराला आतून कडी, युनिफॉर्म बदलायला. दुसरी म्हणाली डबे ठेवायला फळी, खाली ठेवले की मुंग्या लागतात. सगळ्यात जुनी मावशी बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, आरसा लावा मॅडम, घरी जाताना टिकली नीट लावता येईल. सगळं वहीत लिहून घेतलंय, मंगळवारी तीच वही घेऊन जातेय.