डिक डेलला सिनेमाने घडवलं नाही

सर्फ रॉकचा, म्हणजे साठच्या दशकातल्या कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या गिटारप्रधान रॉक संगीताचा, अमेरिकन गिटारवादक डिक डेल १६ मार्च २०१९ रोजी गेला, वयाच्या ८१ व्या वर्षी. तेव्हापासून त्याच्याबद्दलचा एक मजकूर अधूनमधून फिरत असतो: एका गाण्याचा माणूस, तेही उसनं; नुसता वेगात वाजवायचा; बीटल्स आले आणि याचं दुकान बंद झालं; पुढे १९९४ मध्ये, सुरुवातीलाच त्याचं हे गाणं वाजतं तो ‘पल्प फिक्शन’ हा सिनेमा आला नसता तर कुणी ओळखलंही नसतं.

गाणं उसनं, हे मान्य. ते गाणं म्हणजे ‘मिसिरलू’, ही पूर्व भूमध्य सागराकडची जुनी चाल. तिचं ग्रीक ध्वनिमुद्रण १९२७ चं आहे. डेलचे वडील लेबनीज वंशाचे, काका ऊद (अरबी तंतुवाद्य) वाजवायचे, म्हणजे चाल घरातच कानावर पडलेली. स्वर पाहिले तर आपल्या भैरवाचे: रे आणि ध कोमल, बाकी शुद्ध. (चलन भैरवाचं नाही, त्यामुळे उगाच नातं जोडायला नको.) पण जुनं गाणं संथ, डोलत जाणारं. डेलने १९६२ मध्ये ते एका जाड तारेवर घेतलं, पिकचे (तार छेडायच्या छोट्या पट्टीचे) वर-खाली आघात क्षणभरही न थांबवता. ऊद आणि दरबुका हे तालवाद्य, दोन्ही एकाच हातातून वाजल्यासारखे वाटतात. उसनी चाल हा गुन्हा असेल तर निम्मं हिंदी चित्रपटसंगीत आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं लागेल.

आणि एकच गाणं? ‘लेट्स गो ट्रिपिन’ १९६१ चं, ‘मिसिरलू’च्या आधीचं. बीच बॉइज या कॅलिफोर्नियाच्या प्रसिद्ध बँडने १९६३ च्या अल्बमवर ही दोन्ही वाजवली.

‘नुसता वेग’ म्हणणाऱ्यांनी तर त्याची गिटार नीट पाहिलेलीच नसावी. तो डावखुरा, पण तारांचा क्रम उजव्या हाताने वाजवणाऱ्यांचाच ठेवून गिटार उलटी धरायचा. त्यामुळे सगळ्यात जाड तार तळाशी. ताराही राक्षसी. आज इलेक्ट्रिक गिटारवर सर्वात बारीक तार साधारण ०.००९ किंवा ०.०१० इंचाची असते, याची ०.०१६ ची. पिक वितळतात, असं तो सांगायचा. कॅलिफोर्नियात बाल्बोआच्या रान्देव्हू बॉलरूममध्ये हजारोंच्या गर्दीपुढे हे वाजायचं, आणि त्या काळचे अ‍ॅम्प्लिफायर ते झेपत नसल्याने जळायचे. गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर बनवणारे लिओ फेंडर आणि त्यांचा सहकारी फ्रेडी टाव्हारेस यांनी मग जास्त ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर आणि १५ इंची जेबीएल स्पीकर असा संच उभा केला. फेंडरची शोमन ही अ‍ॅम्प्लिफायरची मालिका त्यातूनच आली. मोठ्या आवाजात वाजवणाऱ्या पुढच्या पिढ्यांना ही वाट आयती मिळाली. सर्फ म्हणजे रिव्हर्ब (आवाज घुमवणारा परिणाम), असंही लोक ठोकून देतात. त्याच्या १९६२ च्या पहिल्या अल्बमवर रिव्हर्ब नाहीच.

बीटल्सचा मुद्दा अर्धा खरा. १९६४ नंतर सर्फची लाट ओसरली, यात शंका नाही. पण त्याच दशकात डेलला कर्करोगानेही गाठलं होतं, हे तो मजकूर गाळतो.

राहिला सिनेमा. त्याने डेलला नवा श्रोतृवर्ग दिला, मोठा दिला. पण १९८७ मध्येच तो ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉनबरोबर ‘पाइपलाइन’ ही सर्फ रचना वाजवत होता, आणि त्या वादनाला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. ‘ट्रायबल थंडर’ हा अल्बम १९९३ चा. म्हणजे सिनेमा येण्याआधीच माणूस परत मैदानात उतरलेला होता. त्या एका गाण्यावर तो पुढे आयुष्यभर बसून खात होता, असं कुणाला वाटत असेल तर त्याची २०१५ ची मुलाखत काढून वाचावी: औषधोपचाराचा खर्च भागवायचा तर दौरे थांबवणं परवडत नाही, असं त्याने त्यात सरळ सांगितलं होतं. तेव्हा तो ७८ वर्षांचा होता.