‘प्रश्न उद्भवत नाही’

"हे खरे नाही." एवढंच वाचून वकिलाने मोबाइल मास्तरांसमोर धरला. "पुढचं तुम्हीच वाचा."

मास्तरांनी वाचलं. दुसऱ्या उपप्रश्नाला सरकारचं उत्तर होतं ‘प्रश्न उद्भवत नाही’, तिसऱ्यालाही तेच. वर आमदारांचा विधानसभेतला तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, नेहमीच्या साच्यातला. कमी पटाच्या शाळांत शिक्षकांची पदे रिक्त राहिल्याने विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान होत आहे, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

मास्तर जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहेत. जोडीदार शिक्षक बदलून गेले, त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून पहिली ते पाचवी ते एकटेच सांभाळतात, एकाच खोलीत. त्यांनी मोबाइल परत दिला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. कट्ट्यावर असं सहसा होत नाही.

"म्हणूनच सांगतो, त्या सभागृहात विचारून काही होत नाही," वकील म्हणाला. "कोर्टात जा. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांचं काय झालं आठवतंय ना? ९ फेब्रुवारी २०२४ ला नियम बदलले. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला गरीब मुलांच्या राखीव जागांतून सूट. ६ मे ला मुंबई उच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि १९ जुलैला ते बदल रद्दच झाले. कुठल्या तारांकित प्रश्नाने हे केलं असतं?"

"आणि तोवर जून उलटून गेला," ताई म्हणाल्या. त्या शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आहेत, धाकटी मुलगी तिसरीत आहे. "शाळा सुरू झाल्या तरी त्या मुलांचे प्रवेश लटकलेले. कोर्टाने न्याय दिला हे खरं, पण पोराचे पहिलीतले ते दिवस गेले ते गेलेच."

नाना मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. वकिलाचं ऐकून ते सहसा हसतात, आज हसले नाहीत. "अरे, शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३८ वाच. राज्याने केलेले नियम विधिमंडळापुढे ठेवावे लागतात. त्या कागदावर कुणी बोट ठेवलं, तर कोर्टाच्या आधीच विषय ऐरणीवर येतो. सभागृह निकामी नाही रे, आपण तिथे पाठवलेला प्रश्न कच्चा असतो."

"कच्चा कसा?" मास्तर अखेर बोलले. "नाना, तो प्रश्न आला की मेसेज मला येतो. विधानसभा तारांकित, अत्यंत तातडीचे, एका तासात माहिती भरा. मुलांना पाढे लिहायला बसवून मी तक्ता भरतो. मंजूर पदं २, कार्यरत १, रिक्त १. शिक्षक नाहीत म्हणून विचारलेल्या प्रश्नापायी माझ्या वर्गातला एकुलता एक शिक्षक तासभर उठतो. तेही चालेल. पण मी १ रिक्त लिहिलं, तर वर जाऊन ‘हे खरे नाही’ कसं झालं?"

नानांनी मग जे सांगितलं, ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"तुमचा तक्ता खोटा ठरवलेला नाही. प्रश्न मंत्रालयातून आयुक्तालयात, तिथून संचालनालय, शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख असा तुमच्यापर्यंत उतरतो आणि माहिती त्याच पायऱ्यांनी वर चढते. तुमचं १ रिक्त पद वर पोचलेलं असतं. पण आमदारांनी पद किती रिक्त हे विचारलंच नाही. नुकसान होत आहे, हे खरे आहे काय, असं विचारलं. आता आपल्या तालुक्यात मुलांचं नुकसान झालंय, असं सही करून लिहून देणारा अधिकारी मला दाखवा. तो लिहिणार, उपलब्ध शिक्षकांमार्फत अध्यापन सुरू आहे. म्हणजे नुकसान नाही. म्हणजे ‘हे खरे नाही’. आणि पहिल्याला नाही म्हटलं की बाकीचे दोन आपोआप मिटतात."

डीएड उसळला. त्याला आम्ही डीएड म्हणूनच हाक मारतो. शिक्षकाची पदविका घेतली तेव्हा मिसरूड फुटत होतं, आता तिशी ओलांडली. "म्हणजे शब्दांचा खेळ! इथे माझी वयोमर्यादा सरत चाललीय. शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी २०१७ ला झाली, पुढची थेट २०२३ ला. मध्ये किती अधिवेशनं झाली असतील? प्रत्येक वेळी उत्तर एकच, भरतीच्या पवित्र पोर्टलमार्फत कार्यवाही सुरू आहे. सरकारला हलवायचं तर बोंब मारावी लागते. पहिलीपासून हिंदी या तिसऱ्या भाषेचं बघा. १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय, १७ जूनला सुधारित, आणि पावसाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, २९ जूनला, दोन्ही मागे. अडीच महिन्यांत! तिथे कुणी तारांकित विचारत बसलं होतं का?"

त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. रस्त्यावरचा आवाज सरकारला ऐकू येतो. पण भाषेसाठी अख्खं राज्य बोललं. वाडीतल्या सतरा पोरांसाठी राज्य रस्त्यावर येणार नाही. ज्यांच्यामागे गर्दी नाही त्यांच्यासाठीच तर तो प्रश्नोत्तराचा तास आहे, असं मला वाटतं. मी हे म्हणालो तेव्हा वकील म्हणाला, "तासाभरात यादीतले मोजके प्रश्न होतात, बाकीच्यांची नुसती लेखी उत्तरं." हेही खरंच आहे. पण लेखी उत्तर ही सरकारची कबुली असते आणि ती कायम राहते. वकिलालाच ती पुढे याचिकेला जोडता येईल. त्यावर तो गप्प बसला.

मग विषय पटसंख्येवर गेला आणि कट्ट्याचे दोन तट पडले.

२०२३ मध्ये सरकारने समूह शाळांचा विचार पुढे आणला, तेव्हाचा आकडा सगळ्यांना पाठ आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा, त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुलं आणि २९,७०७ शिक्षक. नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्यातलं पानशेत ही नमुन्याची उदाहरणं दिली गेली. गाडीने मुलं एका मोठ्या शाळेत आणायची, तिथे ग्रंथालय, मैदान, प्रत्येक इयत्तेला शिक्षक.

"वाईट काय आहे त्यात?" वकील म्हणाला. "पाच इयत्तांत मिळून सहा मुलं. खो-खोचा संघसुद्धा होत नाही. बरोबरीचं कुणी नाही, चढाओढ नाही. मास्तर, मनापासून सांगा, हे त्या मुलांच्या भल्याचं आहे?"

मास्तर खोटं बोलत नाहीत. "सहा मुलांची शाळा एकाकी असते. चौथीत एकटाच असलेला मुलगा मी पाहिलाय. कुणाशी बोलावं कळत नाही त्याला. दहा-पंधरा जण त्याच्यासोबत असते तर मला आवडलं असतं."

"आणि गाडी नाही आली तर?" ताईंचा आवाज चढला. "पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी तीन, असं नियमातच आहे ना? तो एक किलोमीटर नकाशावर मोजतात. आमच्या मधे ओढा आहे. पावसाळ्यात वळसा घालून किती होतं ते या मोजायला. गाडीवाल्याचं बिल थकलं की गाडी बंद. मुलगा जाईल चालत. मुलीला कोण पाठवणार? तिची शाळा सुटली की पुढचं मला माहीत आहे, माझीच सातवीत सुटली."

यानंतर थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

मला स्वतःला समूह शाळा सरसकट वाईट वाटत नाही. मला खटकतं ते हे की, शाळा बंद करणार नाही असं म्हणत राहायचं आणि शिक्षक देणं थांबवायचं. कायद्याच्या परिशिष्टात स्वच्छ लिहिलंय, पहिली ते पाचवीत साठपर्यंत मुलं असली तरी दोन शिक्षक. आणि १५ मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरवण्याच्या, निर्णयावर शिक्षक संघटनांचा मुख्य आक्षेप हाच होता, की सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की पद शून्यावर येतं. शिक्षक नाही म्हणून पालक मुलं काढतात, मुलं गेली म्हणून पद जातं. शेवटी शाळा आपोआप रिकामी होते आणि ती कुणी बंद केली, याचं उत्तर कुठल्याच कागदावर सापडत नाही.

"शिक्षकांचे वेगळे आमदार असतात ना?" ताईंनी विचारलं. "विधान परिषदेत? त्यांनी नको का विचारायला?"

"विचारतात की," नाना म्हणाले. "७८ पैकी ७ जण शिक्षक मतदारसंघातून येतात."

"पण मला त्यात मत नाही," मास्तर म्हणाले.

ताईंना वाटलं चेष्टा चाललीय. मलाही हे उशिराच कळलं होतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ प्रमाणे त्या मतदारसंघात माध्यमिकपेक्षा खालच्या दर्जाच्या नसलेल्या संस्थांतल्या शिक्षकांनाच मत आहे. पहिलीच्या पोराचा हात धरून अ गिरवून घेणारा प्राथमिक शिक्षक त्या निवडणुकीत मतदार नाही. ते आमदार प्राथमिकचे प्रश्न विचारतात, आपुलकीने विचारतात, पण त्यांच्या मतदाराच्या अडचणी आधी येणार हे उघड आहे. म्हणून वाडीतल्या शाळेचा प्रश्न आपल्या विधानसभेच्या आमदारानेच विचारायला हवा. आणि आमदाराला तो आयता सुचणार नाही, आपण नेऊन द्यायला हवा.

डीएडने विचारलं, "नुसत्या विचारण्याने कधी काही झालंय का?"

मी त्याला गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सांगितलं. मार्च १९११ मध्ये त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. वर्षभराने मतदान झालं, बाजूने १३ आणि विरुद्ध ३८. हरले. पण सक्तीच्या शिक्षणाचा विषय नंतर कुणाला पुरून टाकता आला नाही. आणि दुसरं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. मार्च १९२७, मुंबई कायदेमंडळ. डॉ. आंबेडकर नुकतेच सदस्य झाले होते. शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारसमोर आकडे ठेवले, की प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. लोकांकडून दारूवरच्या अबकारी करातून जेवढं घेता, निदान तेवढं त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी. नुकसान होत आहे हे खरे आहे काय, असं त्यांनी विचारलं नाही. शंभरातले अठरा, एवढं पुढे ठेवलं. त्याला ‘उद्भवत नाही’ कसं म्हणणार?

"हेच," नाना म्हणाले आणि खिशातून पेन काढलं. "लिहा. पहिलं, अमुक तारखेच्या संच मान्यतेनुसार या तालुक्यात पहिली ते पाचवीच्या किती शाळांना दोन पदं मंजूर आहेत, आणि त्यांपैकी किती शाळांत आज एकच शिक्षक आहे. ‘खरे आहे काय’ काढून टाका, ‘किती’ विचारा."

"दुसरं," मास्तर म्हणाले, "त्या एकट्या शिक्षकाला गेल्या वर्षात किती दिवस शाळेबाहेर काम दिलं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढंच आहे. बाकीचे दिवस वेगळे दाखवा म्हणावं."

"तिसरं, पायवाटेने अंतर," ताई. "पावसाळ्यातलं."

"चौथं, पद कोणत्या तारखेपर्यंत भरणार," डीएड म्हणाला. "कार्यवाही सुरू आहे, हे उत्तर नको. तारीख हवी."

नानांनी एक गोष्ट जोडली. सभागृहात मंत्र्यांनी ‘करू’ म्हटलं की ते आश्वासन ठरतं, आणि ते पाळलं की नाही हे बघायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. तेव्हा तोंडी उत्तराची वेळ आलीच, तर लगेचच्या पूरक प्रश्नात ‘करू’ वदवून घ्यायचं, हे आमदारांना आधी सांगून ठेवायचं. आणि उत्तर छापून आलं की ते शाळेच्या पटाशी ताडून बघायचं. बहुतेक ठिकाणी हेच होत नाही. आमदार प्रश्न विचारतात, बातमी येते, आणि उत्तरातला आकडा आपल्या गावात खरा आहे का, हे कुणी बघत नाही.

कागद तयार झाला तेव्हा मास्तर संकोचून म्हणाले, "शाळेचं नाव घालू नका. माझंही नको. खाली खुलासा मागतील, आमदाराकडे का गेलात म्हणून. नोकरीचा प्रश्न आहे."

वकील म्हणाला, "घाबरता काय?" आणि त्याला मी गप्प केलं. मास्तरांची भीती खोटी नाही. कर्मचाऱ्याने राजकीय वजन वापरलं असा ठपका ठेवायला वेळ लागत नाही.

"नाव घालायचं," ताई म्हणाल्या. "नाव नसलं तर पुन्हा ‘हे खरे नाही’ येणार. पण पत्र मास्तरांचं नको. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात ना, नाना? निम्म्या बायका? मग आम्हीच ठराव करतो. पट, पदं, ओढ्याचा वळसा, सगळं ठरावात. खाली आमच्या सह्या."

"पट किती लिहू?" डीएडने विचारलं.

"सतरा," मास्तर म्हणाले. "मुली नऊ."